Explained थर्टी फर्स्टला बार पहाटे 5 पर्यंत. पण पिंगळीच्या गिऱ्हाइकाने घरी जायचे कसे?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की शहरातल्या हॉटेलांइतकीच लगबग गावाकडच्या परमिट रूममध्येही सुरू होते. बाहेर रोषणाईच्या माळा, अंगणात जादा टेबले, चिकन-मटणाच्या आगाऊ ऑर्डरी आणि थंडीत पेटलेली शेकोटी. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावांतून या रात्री कोणी जवळच्या बारमध्ये जातो, कोणी परभणी गाठतो, तर कोणी शेतातल्या आखाड्यावरच मित्रांसोबत बैठक जमवतो. या मजेचे नियम काय आहेत आणि त्यातला सर्वात अवघड भाग कोणता, ते पाहू.

बारचा ‘सीझन’ नेमका कधी?

बारचे वर्ष सणांच्या तालावर चालते. श्रावणाआधीच्या आखाडात आणि गटारीला गर्दी होते. श्रावण लागला की टेबले रिकामी पडतात. गणपती-नवरात्रातही अनेक जण पाळतात. दसरा-दिवाळीनंतर पुन्हा वर्दळ वाढते आणि 31 डिसेंबरला ती टोक गाठते. उन्हाळ्याच्या तोंडावर धुळवड असतेच.

मध्ये ‘ड्राय डे’ येतात. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी व कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी अशा दिवशी विक्री बंद असते. निवडणुकीत मतदान संपण्याआधीच्या 48 तासांतही दारू विकता येत नाही. शांतता-सुव्यवस्थेसाठी जिल्हाधिकारी वेगळा आदेश काढून दुकाने बंद ठेवू शकतात.

31 डिसेंबरला वेळ किती?

नाताळ आणि नववर्षासाठी 24, 25 आणि 31 डिसेंबरला वेळ वाढवून देण्याचा आदेश गृह विभाग गेली अनेक वर्षे काढत आला आहे. त्यात परमिट रूमना पहाटे 5 पर्यंत, तर वाइन शॉप, बिअर शॉपी आणि देशी दारूच्या दुकानांना रात्री 1 पर्यंत मुभा मिळते. पोलीस आयुक्तालय नसलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यांत परमिट रूम एरवी रात्री साडेअकराला बंद होतात. म्हणजे गावाकडच्या बारला या रात्री साडेपाच तास जादा मिळतात. स्थानिक परिस्थिती पाहून जिल्हाधिकारी ही सवलत कमी करू शकतात.

मग डीजेही पहाटेपर्यंत?

नाही. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ती रात्री 12 पर्यंत शिथिल करता येते आणि त्या यादीत बहुतेक जिल्ह्यांत 31 डिसेंबर असतो. 12 वाजले की बारच्या अंगणातला स्पीकर बंद. बार मात्र सुरू राहू शकतो.

5 रुपयांचा परवाना काय असतो?

गिऱ्हाइकांपैकी अनेकांना ही गोष्ट माहीतच नसते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे दारू विकायला जसा परवाना लागतो, तसाच पिणाऱ्यालाही लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपयांत, तर देशीसाठी 2 रुपयांत मिळतो. वर्षाचा परवाना 100 रुपयांना आणि आजीवन परवाना 1,000 रुपयांना मिळतो. थर्टी फर्स्टच्या आधी उत्पादन शुल्क विभाग एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तके दुकानदारांकडे मोठ्या प्रमाणात पोहोचवतो. बिअरसाठी वय 21, तर इतर मद्यासाठी 25 पूर्ण असावे लागते. 22 वर्षांच्या तरुणाने व्हिस्की मागवली, तर ते राज्याच्या कायद्यात बसत नाही.

ढाब्यावर किंवा आखाड्यावर बसले तर?

ज्या ढाब्याकडे परवाना नाही, तिथे दारू पिणे हा गुन्हा आहे. दारूबंदी कायद्याच्या कलम 68 खाली ढाबेवाल्यावर आणि कलम 84 खाली तिथे पिणाऱ्यावर कारवाई होते. ‘बाटली आमची, जेवण तुमचे’ ही सबब चालत नाही. पार्टी आयोजित करून दारू द्यायची असेल, तर आयोजकाला त्या दिवसापुरती वेगळी परवानगी घ्यावी लागते.

आखाड्यावरच्या बैठकीत दुसरा धोका असतो, तो स्वस्त बाटलीचा. जून 2025 मध्ये राज्याने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि विदेशी दारूच्या 180 मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत 205 रुपये झाली. सणात त्याहून फारच स्वस्त, बिनलेबलाची किंवा सील तुटलेली बाटली कोणी देत असेल, तर ती घेऊ नये. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने 100 हून अधिक जणांचा जीव घेतला होता.

किती प्यायल्यावर गाडी चालवणे गुन्हा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की गुन्हा होतो. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड अथवा दोन्ही. शिवाय अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

30 मिलिग्रॅम म्हणजे किती? 70 किलो वजनाच्या पुरुषासाठी ढोबळ हिशेब असा:

• 30 मिलीचा एक पेग (42.8 टक्के): सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल. रक्तात साधारण 20 मिलिग्रॅम.
• असे दोन पेग लागोपाठ: 40 च्या आसपास. मर्यादा ओलांडली.
• 650 मिलीची स्ट्राँग बिअर (8 टक्के): सुमारे 41 ग्रॅम. रक्तात 80 ते 90 मिलिग्रॅम.

म्हणजे ‘नुसती बिअरच घेतली’ म्हणणारा एका बाटलीतच मर्यादेच्या जवळपास तिप्पट पोहोचतो. वजन कमी असेल किंवा पोट रिकामे असेल, तर आकडा आणखी वाढतो. महिलांमध्येही तो साधारणपणे जास्त येतो.

शरीर ताशी साधारण 15 मिलिग्रॅमच उतरवते. त्या एका बाटलीनंतर मर्यादेखाली यायला जवळपास 4 तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. बडीशेपेने वास झाकला जाईल, पण ब्रेथ ॲनालायझर वास घेत नाही. फुप्फुसातून आलेल्या हवेतल्या अल्कोहोलची यंत्रात रासायनिक क्रिया होते, त्यातून वीज तयार होते आणि ती मोजून आकडा दाखवला जातो.

मग गावाकडचा खरा प्रश्न काय?

घरी जायचा. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, ती मद्यपी चालकांचे अपघात रोखण्यासाठीच. पुढे 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर झाले, शहरांना सूट मिळाली आणि 2018 मध्ये ग्रामपंचायत हद्दींबाबतचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. अंतर बदलत राहिले, पण बारपासून घरापर्यंतचा रस्ता आहे तिथेच आहे.

शहरात मोबाइलवरून कॅब येते. पिंगळी-परभणी पट्ट्यात पहाटे 3 वाजता ना एसटी, ना ओला-उबर. रेल्वेत नशेत गोंधळ घातला, तर रेल्वे कायद्याच्या कलम 145 खाली वेगळी कारवाई होते. उरते ती मोटारसायकल, तीही बहुधा ट्रिपल सीट आणि विनाहेल्मेट. रस्त्यात उसाचा, दिवे नसलेला ट्रॅक्टर-ट्रॉली उभा असण्याचे दिवसही हेच. बारची वेळ वाढते, पण घरी पोहोचण्याची सोय वाढत नाही.

काय करता येईल?

• बसण्याआधीच न पिणारा एक जण ठरवा. चावी पहिल्या पेगआधी त्याच्याकडे.
• गावातल्याच ऑटोवाल्याशी किंवा जीपवाल्याशी दुपारीच बोलून घ्या. चौघांत वाटलेले भाडे 10,000 च्या दंडापुढे काहीच नाही.
• सोय झाली नाही, तर आखाड्यावर किंवा मित्राकडे मुक्काम करा आणि घरी तसा फोन करा.
• मित्र उठवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, तर ‘झोपू द्या’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.
• बारमालकाने गाडीची चावी काउंटरवर ठेवून घेतली, तर राग मानू नका. 1 जानेवारीला ती तिथेच मिळेल.