आजीचं ‘चिऊ-काऊ’ सिंगापुरात

सिंगापूरमध्ये इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळ या चार अधिकृत भाषा आहेत. तिथल्या मराठी बाळाच्या कानावर मराठी पडते ती मुख्यतः घरातच. म्हणून ‘भूभू’, ‘मंमं’ नको, पहिल्यापासून नीट बोला, असा आग्रह काही आईवडील धरतात. काळजी खरी आहे, पण पुरावा आजीच्या बाजूने आहे. ‘कुठं गेऽली चिऊऽ?’ म्हणताना आवाज चढतो, स्वर लांबतात, मध्ये थांबा येतो. 67 प्रयोगशाळांनी मिळून 2,329 बाळांवर केलेला प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यापेक्षा अशा बोलण्याकडे बाळांनी जास्त वेळ लक्ष दिलं.

हे नुसते लाड म्हणावेत, तर ऑस्ट्रेलियातला 2002 चा अभ्यास आडवा येतो. आया कुत्र्यामांजरांशीही उंच आवाजात बोलल्या. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ ठसठशीत उच्चारले ते मात्र बाळांशी बोलतानाच. मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, मग आवाज चढवल्याने घोटाळा होत नाही का? तैवानमधल्या आयांच्या बोलण्यात हे सूर उलट जास्तच ठळक आढळले. एक आक्षेप मात्र मानायलाच हवा: जपानी आयांचं बाळांशी बोलणं एका अभ्यासात काहीसं कमी स्पष्ट निघालं, आणि सामोआत असं बोलण्याची रीत नसतानाही मुलं बोलायला शिकत. तेव्हा ही भाषेची अट नव्हे. पण मराठीच्या वाट्याला दिवसातला थोडाच वेळ येत असेल, तर बाळाचं लक्ष खेचणारी ही रीत बंद करण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.