परसातले तण आणि घरातला मोती

मृगाच्या दोन सरी बरसल्या की आमच्या इंदूरच्या काळ्या मातीत, जे पेरले नाही ते आधी उगवते. केना, लव्हाळा, आघाडा, आणि या सर्वांना पुरून उरणारे गाजरगवत! 1955च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेल्या या पाहुण्याने पुढे सारा देश व्यापला.

काही वर्षांपूर्वी घरी मंगलकार्य होते. परस चटकन स्वच्छ व्हावे म्हणून आम्ही तणनाशकाची बाटली आणली, कुंपणाच्या कडेने फवारली आणि कृतकृत्य होऊन वर्तमानपत्र उघडले. सायंकाळी आमच्या मोतीने त्याच कडेने नित्याची फेरी मारली, हरळीची चार पाती खाल्ली आणि ओले पंजे चाटले. रात्री तो लाळ गाळू लागला, ओकू लागला. पशुवैद्यांनी प्रथम बाटली मागितली आणि मग विचारले, ‘‘यावरचे वाचले होते का?’’ प्रश्नपत्रिका पुरती न वाचता उत्तरे लिहिणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे दटावणारे आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. मोती तीन दिवसांनी अन्नाला लागला. आमची खंत मात्र गेली नाही.

माणसाच्या पायात वहाण असते आणि जेवणापूर्वी तो हात धुतो. मुके जनावर अनवाणी फिरते आणि जिभेने अंग स्वच्छ करते. ज्या भुईवर ते चालते, तीच त्याच्या ताटात येते. मांजराच्या बाबतीत तर हे अधिकच खरे.

कीटकनाशकांप्रमाणेच तणनाशकांच्या वेष्टनावरही रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणाचा उतरता क्रम. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, केवळ कमी विषारी. पॅराक्वाटसारख्या द्रव्यावर तर खास उतारा नाही. ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करावी, असा आदेश केंद्र सरकारने 2022 साली काढला. घरच्या परसात अशा वस्तूंचे काम ते काय?

त्यापेक्षा खुरपे बरे. पाऊस उघडून वाफसा आला की तण मुळासकट सहज निघते. गाजरगवत पांढरी फुले येण्यापूर्वीच उपटावे, कारण एकेका रोपाला हजारो बिया धरतात. त्याने त्वचेला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो, म्हणून हातमोजे घालावेत. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्यास तो पुन्हा फुटतो. तेथे चिकाटीच हवी. मोकळ्या वाफ्यावर वाळल्या पाल्याचा जाड थर द्यावा. वैशाखात रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर उन्हाच्या तापाने पुष्कळसे बी मरते. फरशीच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. तेवढा वेळ जनावर घरात ठेवावे. मीठ टाकू नये. ते माती नासवते आणि चाटणाऱ्या प्राण्यालाही बाधते.

तण काढल्यावर खत देताना एरंडीची पेंड टाळावी. कुत्री ती आवडीने खातात आणि तिच्यात राहिलेले रिसिन हे विष त्यांच्या जिवावर बेतू शकते.

इतके करूनही प्राणी फवाऱ्याच्या संपर्कात आलाच, तर हातमोजे घालून त्याचे अंग व पंजे सौम्य साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावेत, त्याला चाटू देऊ नये आणि बाटलीसह पशुवैद्य गाठावा. मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नये. त्याने प्रकृती अधिक बिघडते.

मोती आता म्हातारा झाला आहे. आषाढात आम्ही खुरपे घेऊन बसलो की तोही शेजारी येऊन पहुडतो. कुंपणाच्या कोपऱ्यात थोडे तण दर वर्षी राहतेच. येणारे-जाणारे ते पाहून हसतात, तर हसोत बापडे. मोती मात्र तिथली हरळी निर्धास्तपणे खातो, आणि आम्ही त्याच्याकडे निर्धास्तपणे पाहू शकतो.