पेसमेकरची पहिली तपासणी

विद्यार्थिमित्रांनो, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि एक मिनिटभर आपली नाडी मोजा. समजा, ७२ ठोके भरले. मग दिवसभरात हृदयाचे ठोके किती? ७२ × ६० × २४, म्हणजे १,०३,६८०! प्रत्येक ठोक्याची सूचना हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यातून निघते. ही सूचना म्हणजे विजेचा अतिशय क्षीण स्पंद होय. तो वेळेवर निघाला नाही किंवा वाटेत अडला, तर ठोके मंदावतात, भोवळ येते, कधी माणूस चालता चालता कोसळतो. अशा वेळी छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली एक छोटे यंत्र बसवतात आणि शिरेतून त्याची तार हृदयापर्यंत नेतात. हाच पेसमेकर.

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे दोन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान रोग्याला पहिल्या तपासणीसाठी बोलावतात. तुमच्या आजोबांना असे बोलावणे आले, तर घरात लगेच प्रश्न सुरू होतात. यंत्र बिघडले की काय? पुन्हा चिरफाड करणार का? विजेचा झटका बसेल का? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मग यंत्र ठीक चालत असताना ही तपासणी कशासाठी?

बाहेरून संभाषण

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवण्यात आला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केला होता, आणि ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रिया केली. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढच्या आयुष्यात लार्सन यांना एकूण २६ पेसमेकर लागले. पण ते ८६ वर्षे जगले.

त्या पहिल्या यंत्राला बाहेरून काही विचारण्याची सोय नव्हती. आजच्या पेसमेकरशी मात्र बोलता येते. तपासणीच्या वेळी रोग्याला पलंगावर निजवून हृदयाचा विद्युत्-आलेख घेण्यासाठी तारा लावतात. काही यंत्रांसाठी छातीवर, कपड्यांवरूनच, एक चकती ठेवतात. काही यंत्रे रेडिओलहरींनी दुरूनच जोडली जातात. मग प्रोग्रॅमर नावाच्या संगणकाच्या पडद्यावर आतल्या यंत्राची माहिती उमटू लागते. सुई नाही, वेदना नाही.

यंत्राला विचारले जाणारे प्रश्न

पहिला प्रश्न : विद्युत्-घटात किती शक्ती उरली आहे? दुसरा : तार शाबूत आहे ना? यासाठी तारेच्या मार्गाचा रोध मोजतात. तो एकाएकी फार वाढला, तर तार तुटली किंवा सैल झाली असण्याची शंका येते. फार घटला, तर तारेवरचे आवरण फाटले असावे. तिसरा : हृदयाचे स्वतःचे ठोके यंत्राला ‘ऐकू’ येतात का? कारण हृदय आपणहून चालत असेल, तेव्हा पेसमेकरने गप्प राहावयाचे असते.

यंत्र रोजनिशीही ठेवते. शेकडा किती ठोके आपण दिले, हृदय कधी अवाजवी वेगाने धावले, हे सारे त्यात नोंदलेले असते. रोग्याला मुळीच न जाणवलेली हृदयाची अनियमित गती कधी कधी इथेच उघडकीस येते. तिच्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो; तो टाळण्यासाठी डॉक्टरांना वेळीच औषध देता येते.

कमीत कमी किती व्होल्ट?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटचा. हृदयाला आकुंचन पावण्यासाठी कमीत कमी किती व्होल्टचा स्पंद लागतो? या मर्यादेला ‘उंबरठा’ म्हणू या. तारेचे टोक हृदयात नवे असताना त्याभोवती सूज येते आणि उंबरठा चढतो. काही आठवड्यांत जखम भरते आणि तो बहुधा खाली येऊन स्थिरावतो. म्हणूनच सुरुवातीला मुद्दाम जास्त व्होल्टचा स्पंद ठेवतात आणि तो कमी करण्याचा निर्णय या तपासणीत घेतात.

त्यासाठी यंत्राची गती थोडी वाढवून व्होल्ट पायरीपायरीने उतरवतात. स्पंद गेला पण ठोका पडला नाही, असे आलेखात दिसताच व्होल्ट तत्काळ वाढवतात. त्या क्षणी रोग्याला छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखे वाटू शकते. हे आधी ठाऊक असेल, तर भीती वाटत नाही.

आता थोडे गणित. स्पंदाची ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, ३.५ व्होल्टचा स्पंद २ व्होल्टवर आणला. वर्ग अनुक्रमे १२.२५ आणि ४. म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे जवळजवळ एक-तृतीयांश ऊर्जाच पुरते! यंत्राच्या मंडलालाही ऊर्जा लागते, हे खरे. तरी घटाचे आयुष्य यामुळे वाढते आणि पुढची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. पण काटकसर फार केली, तर एखादा ठोका हुकेल. म्हणून व्होल्ट बहुधा उंबरठ्याच्या दुप्पट ठेवतात. रोग्याची सुरक्षितता आधी, बचत मागाहून.

तुम्ही काय कराल?

आजोबांबरोबर जाताना पेसमेकरचे ओळखपत्र आणि औषधांची यादी घ्या. भोवळ किंवा धाप लागली असेल, तर तारीख व वेळ लिहून न्या. डॉक्टर जखमही पाहतील. मात्र तिथे लाली, सूज, स्राव दिसला किंवा ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. हात खांद्यावर केव्हा उचलायचा, मोटार केव्हा चालवायची आणि यंत्राची किमान गती किती ठेवली आहे, हे विचारून घ्या. घरी मोजलेली नाडी त्या गतीहून बरीच कमी भरली, तर डॉक्टरांना कळवा.

मोबाइल फोन यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर दूर असावा; छातीवरच्या खिशात तो नकोच. एम.आर.आय. तपासणीपूर्वी पेसमेकर असल्याचे अवश्य सांगावे.

यानंतरच्या तपासण्या बहुधा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होतात. घट साधारण आठ ते बारा वर्षे पुरतो, आणि तो संपत आल्याचे बरेच आधी समजते. तपासणीची तारीख चुकवली, तर मात्र हे कळणार कसे? तेव्हा ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या.