नेवऱ्याच्या बर्व्यांची लेक आणि तिच्या लेकी

अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने चौंडी येथील मंत्रिमंडळाच्या बैठकीपासून गावोगावच्या व्याख्यानांपर्यंत जे काही झाले, ते वाचकांच्या स्मरणात आहे. हा गौरव उचितच होता. परंतु मराठी चरित्रलेखनाची एक जुनी खोड त्यातून पुन्हा उघड झाली. अठराव्या शतकातील स्त्री आपल्याकडे एकतर देवी म्हणून पूजिली जाते, नाहीतर आनंदीबाई पेशव्यांप्रमाणे ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून कायमची बदनाम होते, आणि या दोहोंच्या मधोमध राहून ज्यांनी दशकानुदशके कर्ज, करार, सोयरिकी आणि सरंजाम सांभाळले, त्यांचे चरित्र लिहिण्यास सहसा कोणी धजत नाही. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्याच्या बदल्यात सरदाराला तोडून दिलेल्या मुलखाचे उत्पन्न. ते टिकवायचे तर तलवारीइतकाच हिशेब लागे, आणि तो अनेकदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या नजरेखालून जात असे.

या दृष्टीने पाहता रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे आणि कोतवडे हा एवढासा पट्टा विलक्षण ठरतो. मालगुंड केशवसुतांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. तथापि, त्यांच्या जन्माच्या दीड शतक आधी याच परिसरातील भिक्षुक आणि कारकून घराणी घाट चढून गेली आणि दोन पिढ्यांत राजघराणी बनली. कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे गणपतीपुळ्याच्या गणपतीचे उपासक होते; पुढे ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय, म्हणजे घराण्याचे वंशपरंपरागत पुरोहित झाले, आणि त्यांच्या मुलानातवंडांनी मिरज, सांगली, जमखिंडी ही संस्थाने उभी केली. नेवऱ्याच्या खेरांपैकी गोविंद बल्लाळ बुंदेलखंडात जाऊन गोविंदपंत बुंदेले म्हणून प्रसिद्ध झाले. बर्वे घराणे त्याच नेवऱ्याचे, आणि या बर्व्यांची लेक राधाबाई ही बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची पत्नी व पहिल्या बाजीरावाची आई होय.

बर्व्यांची एक शाखा सिन्नरजवळ डुबेरे येथे स्थायिक झाली होती आणि बाजीरावाचा जन्म १७०० मध्ये तेथेच, आजोळी झाला. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ वारले, तेव्हा बाजीराव एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचा भाऊ चिमाजी आप्पा त्याहून लहान. तेथून १७५३ पर्यंत, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षे, राधाबाई पेशव्यांच्या घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती होत्या. मस्तानी प्रकरणातील कठोर सासू एवढीच त्यांची ओळख चित्रपटांनी शिल्लक ठेवली आहे आणि ती अन्यायकारक आहे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणजे उत्तरेची यात्रा. फेब्रुवारी १७३५ मध्ये पुण्याहून निघालेली ही मंडळी उदयपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी आणि गया असा प्रवास करून दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात परतली. ज्या मुलखांतून हा प्रवास झाला, ते मुलूख मराठ्यांच्या फौजांशी झुंजत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. १७२९ मध्ये बाजीरावाने बुंदेलखंडातील छत्रसालाच्या मदतीला धावून जाऊन ज्या मोगल सरदार महंमदखान बंगशाला जैतपूर येथे कोंडले होते, त्याच बंगशाने आपल्या शत्रूच्या आईला वाटेत संरक्षण दिले. उदयपूर व जयपूरच्या दरबारांनी तिचा सन्मान केला, सवाई जयसिंगाने तिला पाहुणचारासाठी ठेवून घेतले, आणि ती परतत असतानाच बाजीराव स्वतः राजस्थानात जाऊन जयसिंगाला भेटला. गंगास्नानाला निघालेल्या एका विधवेने उत्तरेतील दरबारांचे दरवाजे असे किलकिले केले असतील, तर त्या प्रवासाला केवळ तीर्थयात्रा म्हणणे अपुरे आहे. ती वकिलातही होती.

‘विधवा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्या काळच्या पत्रव्यवहारात सधवेच्या नावामागे ‘सौभाग्यवती’ आणि विधवेच्या नावामागे ‘गंगाभागीरथी’ हे उपपद लिहीत, लग्नपत्रिकांतील ‘गं. भा.’ हे त्याचेच संक्षिप्त रूप. मोडीतील राजकीय कागद चाळताना असे दिसते की, स्त्रीचे नाव आज्ञा करणारी किंवा दाद मागणारी म्हणून जेथे ठसठशीत येते, तेथे ते बहुधा गंगाभागीरथीचे असते. नवरा हयात असेतो ती घरात असते. तो गेला आणि मुलगा अजाण असला, म्हणजे ती कागदावर येते. अहिल्याबाईही विधवा झाल्यावरच इतिहासात आल्या.

राधाबाईंच्या दोन्ही लेकींची सासरे पाहिली, तर पेशव्यांचे सगळे राजकारण एका कुटुंबात दिसते. थोरली भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांच्या घरी, म्हणजे पेशव्यांना कर्ज पुरवणाऱ्या सावकारांकडे पडली. धाकटी अनूबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली. हे घोरपडे मूळचे वेंगुर्ल्याकडील म्हापणचे जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वर आलेल्या नारो महादेवांनी कृतज्ञतेपोटी त्यांचे आडनाव घेतले. १७४५ मध्ये व्यंकटराव वारले आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, इचलकरंजीची सूत्रे मुख्यतः अनूबाईंच्या हाती राहिली. शेजारच्या कोल्हापूरशी त्यांचे सतत वैर होते, आणि तेथेही १७६० नंतर दुसऱ्या संभाजीराजांच्या विधवा जिजाबाईंचा अंमल होता. पंचगंगेच्या खोऱ्यात एकाच वेळी दोन विधवांनी परस्परांविरुद्ध राज्यकारभार चालवावा, हे दृश्य जगाच्या इतिहासातही विरळा होय.

अनूबाई आज माहीत आहेत, त्या मुख्यतः वासुदेवशास्त्री खरे यांच्यामुळे. गुहागरला जन्मलेला आणि मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारा हा शिक्षक पटवर्धनांच्या दफ्तरात शिरला आणि १८९७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, त्यातील हजारो पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापत राहिला. मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि बहुतेक पत्रांवर साल नसते. केवळ तिथी, महिना आणि मजकुरातील एखाद्या मुक्कामाचा उल्लेख यांवरून त्यांचा क्रम लावावा लागतो. शाळेची नोकरी सांभाळून एका माणसाने केलेले हे काम पाहिले, म्हणजे आजच्या साधनसंपन्न संस्थांच्या संथपणाचे आश्चर्य वाटते. खरेशास्त्रींनी १९१३ मध्ये इचलकरंजी संस्थानाचा इतिहासही लिहिला. पण नावाप्रमाणेच तो संस्थानाचा इतिहास आहे, बाईंचा नव्हे.

इंग्लंडमध्ये स्टेला टिलयार्ड यांनी १९९४ मध्ये लेनॉक्स घराण्यातील चार बहिणींचे एकत्र चरित्र त्यांच्या पत्रांवरून लिहिले आणि एका उमराव कुटुंबातून अठरावे शतक उभे केले. मराठीत तशी सामग्री नाही असे नव्हे. गो. स. सरदेसाई, जे स्वतः रत्नागिरी जिल्ह्याचे, यांनी १९३० पासून पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, आणि त्यांत घरगुती पत्रे विपुल आहेत. कमतरता आहे ती दृष्टीची. लांजा तालुक्यातील कोटच्या नेवाळकरांची सून झाशीची राणी लक्ष्मीबाई हिचे पारसनीसकृत चरित्र १८९४ मध्येच आले आणि त्यानंतर ग्रंथांची रांग लागली. परंतु नेवऱ्याच्या खेरांच्या वंशातील ताईबाई, जिने १८५७ मध्ये जालौनची सत्ता हाती घेतली आणि पुढे इंग्रजांची कैद भोगली, तिचे नाव रत्नागिरीत तरी किती जणांना सांगता येईल?

गणपतीपुळ्याच्या देवळासमोरील धर्मशाळा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाईंनी बांधविली, असे परंपरा सांगते. सभामंडपाशी गोविंदपंतांचे नाव जोडलेले आहे. समुद्र पाहून परतणाऱ्या हजारो पर्यटकांना यातले काहीच कोणी सांगत नाही. मालगुंडने १९९४ मध्ये केशवसुतांचे जन्मघर स्मारक म्हणून उभे करून एका खेड्याला काय करता येते ते दाखवले आहे. नेवरे आणि कोतवडे यांनीही आपल्या लेकीसुनांची नोंद गावात लावावी, आणि रत्नागिरीच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मोडी शिकून राधाबाई, भिऊबाई व अनूबाई या मायलेकींची पत्रे एकत्र लावण्याचे काम हाती घ्यावे. कागद पुण्याच्या अभिलेखागारात आहेत आणि ते पाहण्याची सोय आहे.