परग्रहावरील पाहुणे निवडतांना

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना हंसूं येईल. अंतराळांतील काल्पनिक जीवांचीं वर्णनें देणारीं पुस्तकें खेळासाठीं विकत घ्यावयाचीं, तर तीं कोणत्या कसोटीनें घ्यावीं, असा तो विषय आहे. परंतु ज्या घरांत हा खेळ शिरला आहे तेथें हा प्रश्न पैशाचा आहे, वेळेचा आहे, आणि मुलांच्या मनावर परक्याचें कोणतें चित्र उमटतें याचाहि आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगतों. चार-पांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. एकजण निवेदक होतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. निवेदक प्रसंग उभा करतो, खेळाडू आपलें पात्र काय करील तें सांगतात, आणि यशापयशाची शंका येईल तेथें फांसे टाकून निकाल लावतात. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानें हा प्रकार लोकप्रिय केला. त्यांत राक्षस व जादूगार होते. १९७७ सालीं मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ निघाला व मंडळी ताऱ्यांच्या प्रवासास निघाली. प्रवास म्हटला कीं वाटेंत कोणीतरी भेटावयास हवें. म्हणून परग्रहवासीयांचीं पुस्तकें आलीं.

या पुस्तकांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग जंत्रीचा. ‘स्टारफाइंडर’ या खेळाचें २०१७ सालचें ‘एलियन आर्काइव्ह’ हें अशा पुस्तकाचें उदाहरण होय. एका पुस्तकांत अनेक जीव. प्रत्येकाचें चित्र, बळ, शस्त्र आणि थोडीशी माहिती. दुसरा वर्ग चरित्राचा. ‘ट्रॅव्हलर’च्या मूळ प्रकाशकांनीं १९८४ ते १९८७ या काळांत आठ पुस्तकें काढलीं व प्रत्येकांत एकाच समाजाचें सविस्तर वर्णन दिलें. गंमत अशी कीं, त्या आठांपैकीं तीन समाज मनुष्यांचेच आहेत. त्यांतील झोदानी लोकांचे सरदार दुसऱ्याच्या मनांतील विचार वाचूं शकतात. शरीर आपल्यासारखेंच, परंतु जेथें मनांतलें लपवितां येत नाहीं तेथील न्याय, लज्जा व राज्यकारभार आपल्यासारखा कसा राहील? परकेपणा शिंगांत किंवा शेपटींत नसतो, हा त्यांतील धडा आहे.

आतां कसोट्या पाहूं. पहिली कसोटी ही कीं, त्या जीवाचा स्वभाव त्याच्या जीवनक्रमांतून निघाला आहे काय? ‘ट्रॅव्हलर’मधील क्क्री हे चरणाऱ्या कळपांतून वर आलेले शाकाहारी प्राणी आहेत. म्हणून त्यांना एकटें राहवत नाहीं. बंदिस्त जागेंत त्यांचा जीव घुसमटतो. म्हणून त्यांचीं जहाजें प्रशस्त असतात, आणि मांसाहारी प्राण्यांविषयीं त्यांना कमालीचा तिटकारा असतो. एका गोष्टींतून दुसरी, दुसरींतून तिसरी निघत गेली आहे. असा जीव निवेदकास नव्या प्रसंगींहि अडवीत नाहीं. तो कसा वागेल तें आपोआप सुचतें.

परंतु येथेंच दुसरी कसोटी लागते. हा जीव खेळाडूनें व्हावयाचा आहे कीं वाटेंत भेटावयाचा आहे? जो परिवारावांचून घराबाहेर पडत नाहीं, त्याची भूमिका एकट्या खेळाडूला जड जाते. क्क्री शेजारी म्हणून उत्तम, सोबती म्हणून अवघड. उलट वार्गर हे पृथ्वीवरील लांडग्याच्या कुळांतून प्राचीनांनीं अन्यत्र नेऊन घडविलेले प्राणी. ज्याचा प्रभाव पडेल त्याच्यामागें ते जातात व प्रभाव ओसरला कीं सोडून देतात. असा सोबती कोणत्याहि टोळींत शोभतो.

तिसरी कसोटी शाळेंतील गणिताची आहे. प्राण्याची उंची व त्याच प्रमाणांत इतर मापें दुप्पट केलीं, तर हाडांचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट वाढतें. हें तत्त्व गॅलिलिओनें १६३८ सालीं मांडलें, आणि पुढें भारताचे नागरिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९२६ सालच्या एका निबंधांत तें सामान्य वाचकांस समजावून दिलें. म्हणून घराएवढी मुंगी स्वतःच्याच भारानें कोसळेल. गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या ग्रहावर भार हलका होईल, पण कीटकाची श्वासनलिकांनीं हवा घेण्याची रीत एवढ्या देहास पुरणार नाहीं. खेळांत थोडी सूट द्यावी, हें मान्य. परंतु लेखकानें या अडचणीचा विचार केला आहे कीं केवळ मुंगी फुगविली आहे, हें पानें चाळतांच कळतें.

चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८२ सालच्या ‘स्टार फ्रंटियर्स’ या खेळांत खेळाडूंसाठीं मनुष्यासह चारच जाति आहेत, आणि ही मर्यादा शहाणपणाची आहे. परंतु साथर नांवाची कृमिसदृश जाति तेवढी केवळ शत्रु म्हणून आहे. शत्रु हवा, यांत वाद नाहीं. तथापि अमुक जातींत जन्मला म्हणजे तो कपटीच, असें मुलें महिनोन्‌महिने खेळत राहिलीं, तर ती संवय टेबलावरून उठतांना तेथेंच राहील काय? जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरविण्याचे परिणाम आपल्या समाजास नव्यानें सांगावयास नकोत. म्हणून पुस्तक घेतांना पाहावें कीं, त्या लोकांत आपसांत मतभेद आहेत काय? त्यांच्यांत मुलें, वृद्ध, भित्रे, दयाळू असे कोणी आहेत काय? नसल्यास निवेदकानें ते स्वतः घालावे.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. एका खेळाच्या पुस्तकांतील वर्णन दुसऱ्यास चालतें, आंकडे चालत नाहींत; ‘ट्रॅव्हलर’ सहा बाजूंच्या दोन फांशांवर चालतो, तर ‘स्टारफाइंडर’मध्यें मुख्य फांसा वीस बाजूंचा असतो. आणि रानटी पशूंसाठीं निराळें पुस्तक घेण्याची घाई करूं नये. मूळ ‘ट्रॅव्हलर’नें पशूंचीं नांवें न देतां, अन्न कसें मिळवितो यावरून त्यांची विभागणी केली : चरणारा, पाठलाग करणारा, दबा धरणारा, मेलेलें खाणारा. प्रदेश ठरवावा, फांसे टाकावे, आणि पशु आपणच रचावा. मुलांना यांत जीवशास्त्राचा उत्तम अभ्यास घडतो व त्यास खर्च कांहींच नाहीं.

सारांश, नवशिक्या मंडळींनीं आधीं कथा ठरवावी, मग दोन किंवा तीनच जाति निवडाव्या, व त्यांच्याविषयीं खोल माहिती देणारें एक पुस्तक घ्यावें. चित्रांच्या भपक्याला भुलूं नये. परक्याच्या घरीं तासभर बसून तो असा कां वागतो हें ज्याच्या योगानें कळतें, तें पुस्तक पैसे देऊन घेण्याजोगें समजावें.