दूरशिक्षणात विद्यार्थी टिकतो तो कशामुळे?

मुक्त विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात 'जिद्द' हा शब्द हमखास ऐकू येतो. नोकरी, संसार सांभाळून पदवी घेतली, केवढी जिद्द! कौतुक रास्तच आहे, पण कारण म्हणून हा शब्द लंगडा. टिकला का? तर जिद्दी होता. जिद्दी कशावरून? तर टिकला. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

१९७५ साली व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने वेगळं उत्तर दिलं. आधार घेतला, गंमत बघा, दुर्खाइमच्या आत्महत्येवरच्या सिद्धांताचा. समाजाशी धागे तुटलेला माणूस जगणं सोडतो, तसा कॉलेजशी धागे न जुळलेला विद्यार्थी कॉलेज सोडतो. वसतिगृहातल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे लागू पडतं. पण समजा, इगतपुरीची एक अंगणवाडी सेविका बी.ए. करते आहे. तिचे धागे आधीच घरात आणि कामात गुंतलेले. १९८५ मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी हेच मांडलं: अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत पैसा, कामाचे तास, घरचा पाठिंबा यांचं वजन जास्त. अभ्यास उत्तम चाललेली बाईही घरचा आधार सुटला की जाते. आधार असेल तर कमी गुण पडूनही टिकते.

थोडा हिशेब करू. इग्नूमध्ये एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. जुन्या बी.ए.ला ९६ श्रेयांक होते, म्हणजे वर्षाला ९६० तास, आठवड्याला साधारण साडेअठरा. हे तास येतात कुठून? कुणीतरी स्वयंपाक उरकतं, कुणीतरी मुलाला शाळेत सोडतं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद; पण गंगा घरात आली तरी तिला टेकायला कोपरा लागतो, आणि तो कोपरा घरच्यांनी द्यावा लागतो.

कधी तो मिळत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळतात, वर्ष वाया जातं. मग ही बाई गळली म्हणायची का? इग्नूची तीन वर्षांची ती बी.ए. सहा वर्षांत पुरी करता येई. तिसऱ्या वर्षाअखेर डोकी मोजली, तर थांबलेली आणि सोडून गेलेली एकाच रकान्यात जातात. तो आकडा घेऊन दूरशिक्षण फसलं म्हणणं मला मान्य नाही.

अर्थात, याने संस्था सुटत नाही. सासूबाईंचं आजारपण तिच्या हातात नाही. पण पुस्तकं वेळेवर पाठवणं, स्वाध्यायावर दोन ओळींचा शेरा लिहिणं आणि परीक्षेची तारीख इतकी आधी सांगणं, की बाईला रजेचा अर्ज करता यावा, हे तर आहे ना?