भाकरीबरोबर काय खाता?

खुरपणीचे दिवस आहेत. दहा बायांनी पाती धरल्या आहेत. नऊ जणी पुढे जातात. एक मागे राहते. तिला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती बांधावर टेकते. बाकीच्या म्हणतात, "कामचुकार आहे बाई!"

ती कामचुकार नसेल. तिच्या अंगात रक्त कमी असेल.

रक्तात लोह असते. आपण श्वास घेतो त्यातली चांगली हवा हे लोह हातापायांपर्यंत पोचवते. लोह कमी पडले की पोट भरलेले असूनही काम होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायांमागे ५४ जणींचे रक्त कमी निघाले. गड्यांचेही कमी असते, नाही असे नाही. पण बाईचे रक्त दर महिन्याला जाते, बाळंतपणात जाते. आणि घरात ती जेवते सगळ्यांच्या मागून. तोवर वरण संपते, भाजी संपते. तिच्या वाट्याला भाकरी न् ठेचा.

मग ज्वारी वाईट का? मुळीच नाही. ज्वारीत लोह आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी दिली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेची तिला साथ होती. या ज्वारीच्या किलोभर दाण्यांत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह असते. साध्या ज्वारीत ३० च्या आसपास असते.

पण दाण्यातले सगळे लोह अंगी लागत नाही, थोडेच लागते. जास्त लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. वरण ताटात वाढले की मग वरून पिळावी. चुलीवर उकळत्या वरणात पिळली तर तिचा गुण कमी होतो. लिंबू नसेल तर पेरू खा, आवळा खा. मटकीला मोड आणा. तांदुळजा, शेवग्याचा पाला शेतात फुकट मिळतो. आणि डाळ रोज हवी, कारण ज्वारीत जे उणे आहे ते डाळीत आहे.

आता चहाचे बोलू. चहा आम्हांलाही सुटत नाही. पण चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, अंगाला लागू देत नाही. भाकरी खाऊन लगेच वर चहा घेतला की भाकरीतले बरेचसे लोह वाया जाते. आपल्याकडे तर लेकरांना सकाळी चहातच भाकरी कुस्करून देतात! त्यापेक्षा वरणात कुस्करा. चहा घ्यायचाच तर जेवणानंतर तासाभराने घ्या.

बांधावर टेकलेल्या त्या बाईला मात्र आधी आरोग्य केंद्रात न्या. नुसत्या खाण्याने तिचे भागणार नाही. तिथे बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतात. बाईचा आकडा १२ च्या खाली आला तर रक्त कमी. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये. मळमळले तर जेवल्यावर घ्यावी. गोळ्यांनी शौचाला काळे होते. ते पाहून बऱ्याच बाया घाबरतात आणि गोळ्या उकिरड्यावर टाकतात. काळे होणारच, त्याने काही बिघडत नाही. रक्त भरायला काही महिने लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवायच्या.